फोटो काढले तेव्हा ती पोटात होती

गेल्या महिन्यात भोंगवलीहून एका बाईचा फोन आला. ओळख ना पाळख. दाढ काढायच्या आधी तिच्या जबड्याचा फोटो काढला होता आणि पंधरा दिवसांनी कळलं की तिला दिवस गेलेत. आमच्याकडं एक्स-रेला फोटोच म्हणतात. ती रडत होती. "ताई, समदी म्हणत्यात पोरगं डोक्यानं अधू निपजंल. पाडून टाकू का?" कुणीतरी तिला सांगितलं होतं की पालीतल्या अंगणवाडीच्या बाईंचंही असंच झालं होतं, त्यांना विचार.

मी फोनवर पाऊण तास बोलले, तरी निम्मं राहिलंच. म्हणून हे लिहायला बसले. मी डॉक्टर नाही, वेल्हे तालुक्यात राजगडाच्या पायथ्याला पालीत अंगणवाडी सेविका आहे. नाव वनिता. घरातले म्हणतात मी तापट आहे. मी म्हणते, स्पष्ट आहे. तेव्हा स्पष्टच लिहिते.

स्टूल

वजनाचा दिवस होता. लटकवायचा वजनकाटा आढ्याच्या हुकाला अडकवायला मी प्लास्टिकच्या स्टुलावर चढले. ते स्टूल बदला म्हणून मीच वर्षभर अर्ज करत होते. त्याचा पाय मोडला आणि मी ओट्याच्या कडेवर कमरेवर आपटले. पोरं आधी टाळ्या पिटून हसली. बाई पडल्या म्हणजे त्यांना खेळच वाटला. मी उठत नाही म्हटल्यावर एकेक करून रडायला लागली.

माझे मिस्टर दत्तात्रय भाजीचा टेम्पो चालवतात. त्यांनी टेम्पोच्या हौद्यात गादी टाकली, वर मला झोपवलं आणि सासूबाईंना माझं डोकं मांडीवर घ्यायला बसवलं. सासूबाईंना मी आत्या म्हणते. नसरापूरमार्गे भोरला पोचेपर्यंत रस्त्यातला एकेक खड्डा मला नावानिशी कळला. आत्या प्रत्येक खड्ड्याला ड्रायव्हरला, म्हणजे स्वतःच्या मुलाला, शिव्या घालत होत्या.

तिथल्या एका खाजगी दवाखान्यात त्यांनी मला आधी इंजेक्शन दिलं, मग फोटोच्या खोलीत नेलं. कमरेचे फोटो झाले, पाठीचे झाले. ते नीट दिसेनात म्हणून मोठ्या गोल मशीनमध्ये सरकवून सीटी स्कॅन झाला. मी अर्धवट गुंगीत होते. दाराबाहेर कुणीतरी आत्यांना काहीतरी विचारत होतं, आत्या उत्तरं देत होत्या, एवढं आठवतं. माझ्याशी कुणी बोललं ते एवढंच, "हलू नका."

कमरेच्या हाडाला दोन ठिकाणी चीर गेली होती. ऑपरेशन नको, पण दीड महिना पडून राहायचं होतं.

पडून राहणं

दवाखान्यात आठ दिवस होते. पहाटे झाडूवाली, मग ताप बघणारी, मग थर्मासातला चहा, मग भांडं. त्या भांड्याबद्दल कुणी लिहीत नाही. चौतीस वर्षांची बाई, स्वतःच्या सासूनं भांडं सरकवायचं. पहिल्या दिवशी मी तोंडावर चादर ओढून घेतली. आत्या म्हणाल्या, "तुज्या नवऱ्याचं म्या तीन वरीस केलं. तू काय निराळी हायस व्हय?" त्यानंतर चादर ओढली नाही.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला पडल्याची गोष्ट पहिल्यापासून ऐकायची असते आणि प्रत्येकाच्या ओळखीत कुणीतरी असंच पडून कायमचं लंगडं झालेलं असतं. आजाऱ्याला भेटायला जाणाऱ्यांना एकच विनंती आहे, नारळपाणी द्या आणि शेतातलं बोला.

घरी आल्यावर मला मळमळायला लागलं. गोळ्यांनी होत असेल, असं सगळ्यांनीच धरलं. तन्वीच्या पाठीवर, म्हणजे माझ्या थोरल्या मुलीनंतर, सहा वर्षांपूर्वी माझं एक मूल पोटातच गेलं होतं. त्यानंतर पाळीचा काही नेम राहिला नव्हता, दोन-दोन महिने यायची नाही. दुसऱ्या मुलाची आशा आम्ही सोडली होती, निदान बोलणं तरी सोडलं होतं.

आमच्या गावच्या आशा कार्यकर्ती मंगल बघायला आल्या होत्या. मी लिंबाच्या सालीचा वास घेत पडले होते. त्या माझ्याकडं टक लावून बघत राहिल्या आणि पिशवीतून तपासणीची पट्टी काढली. "वनिताताई, गावाची करतीस, एकदा सोताची बी कर."

दोन रेघा आल्या.

मी हसले. मंगलनं माझे हात धरले. आणि तिचे हात हातात असतानाच मला ती गोल मशीन आठवली. अंदाजानं दिवस मोजले तर त्या दिवशी पोटातलं बाळ नऊएक आठवड्यांचं होतं. बाळाचा मेंदू कधी घडायला लागतो हे मी दर महिन्याला गावातल्या बायकांना तक्ता लावून सांगते. तक्ता मला पाठ होता.

"रिस्क नको"

तालुक्याच्या गावातले एक डॉक्टर कागद न बघताच म्हणाले, "सीटी झालाय? रिस्क नको. मेंदूवर परिणाम होऊ शकतो. मूल मतिमंद निघालं तर जन्माचं. अजून वेळ आहे, मोकळ्या व्हा." सगळं मिळून चार मिनिटं. ते वाईट नव्हते, त्यांना माझं भलंच करायचं होतं. पण त्यांना माहीत नव्हतं आणि माहीत नाही हे त्यांनी सांगितलं नाही.

मतिमंद हा शब्द मला नवा नव्हता. सई नावाची एक मुलगी माझ्या अंगणवाडीत तीन वर्षं होती. चार वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. तिला मी रोज मांडीवर घेऊन खिचडी भरवली आणि ती माझी लाडकी होती, हे गाव सांगेल. तरी त्या दिवशी टेम्पोत बसून मी मनात म्हणाले, देवा, सईसारखं नको. नंतर किती दिवस तिच्या आईच्या नजरेला नजर देता आली नाही. हे कुणाला सांगितलं नव्हतं, आज लिहिते आहे.

मिस्टर मोबाईलवर बघत बसायचे. किरणोत्सर्ग म्हटलं की मोबाईल थेट बॉम्बपर्यंत नेतो, आमच्या दोन-चार फोटोंचं तिथं कुणी बोलत नाही. त्यांचं तोंड काळवंडलेलं. फक्त आत्या निर्धास्त होत्या. "फोटुनं काय व्हतंय? दत्त्याच्या लग्नात पाचशे काढले, कोन मेलं?"

आमच्या सरकारी आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर मॅडमनी मात्र माझ्यासमोर खुर्ची ओढून घेतली. "आधी डोस किती बसला ते बघू, मग ठरवू. पुण्याच्या सरकारी दवाखान्यात किरणांचं मोजमाप करणाऱ्या एक बाई आहेत. स्कॅनची सीडी आणि सगळे कागद घेऊन जा."

हे पहिलं वाक्य होतं ज्यात "मग" होतं. मी त्या "मग"ला धरून चार दिवस काढले.

कागद

मिस्टरांनी भोरहून कागदांच्या झेरॉक्स आणल्या. मी खाटेवर वॉकर शेजारी ठेवून बसले होते, आत्या सुपात तांदूळ निवडत होत्या. फोटोच्या खोलीचा एक छापील फॉर्म होता. नाव, वय, कोणता भाग. खाली छापलं होतं: "स्त्री रुग्णांसाठी – पाळी". आणि पुढं सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: "पाली बु., ता. वेल्हे."

मी दोनदा वाचलं. मग मला हसू फुटलं. कमरेत कळ येत होती, तरी थांबेना. मिस्टरांनी कागद घेतला, तेही हसायला लागले.

"काय लिवलंय?" आत्यांनी विचारलं.

मी सांगितलं.

आत्यांचा हात सुपात थांबला. "त्यो दादा बाहेर आला. हळूच म्हनला, पाळी? मला वाटलं गाव इचारतोय. म्या म्हनलं, व्हय, पालीच. बुद्रुक. खुर्द न्हवं." मग म्हणाल्या, "लोकं खुर्द लिवत्यात म्हनून सांगितलं."

पन्नाशीचा तो फोटो काढणारा माणूस. एका बाईला पाळी कधी आली ते विचारायची त्याला लाज वाटली, म्हणून त्यानं सासूला विचारलं, तेही कुजबुजत. आत्यांना एका कानानं कमी ऐकू येतं. उत्तर विचित्र आलं, पण पुन्हा विचारायचं म्हणजे पुन्हा तो शब्द उच्चारायचा. त्यानं ऐकलं तसं लिहून टाकलं. आणि मी, जी सगळ्या गावाच्या पाळीच्या तारखा वहीत लिहिते, ती स्वतःची तारीख विसरून आत हलू नका म्हटल्यावर न हलता पडले होते.

आमचं हसू ओसरलं तेव्हा आत्या तिथं नव्हत्या. सूप तसंच होतं. गोठ्यात सापडल्या. "म्या नीट ऐकलं असतं तर काढलेच नसते फोटु. माज्या तोंडानं लेकराचं वाटोळं झालं."

मी त्यांची समजूत काढायला हवी होती. नाही काढली. मला राग आला होता, आणि राग कुणावर तरी निघावा असं वाटत होतं. दोन दिवस आत्या नीट जेवल्या नाहीत, आणि दोन दिवस मी ते बघून न बघितल्यासारखं केलं.

पुणे

दीड महिना सरत आला होता आणि वॉकर धरून मला चालता येत होतं. आत्या हट्टानं बरोबर आल्या. किरणांचं मोजमाप करणाऱ्या मॅडम सुती साडीत आणि पायात कॅनव्हासचे बूट घालून होत्या. त्यांनी सीडी लावली, माझं वजन विचारलं, कुठला फोटो कुठून काढला, किती वेळा काढला, सगळं उतरवून घेतलं. "दोन तास लागतील. बाळापर्यंत डोस किती गेला ते काढते."

"पोलिओचा का?" आत्यांनी विचारलं. आमच्या गावात डोस म्हणजे तोच.

मॅडम हसल्या नाहीत. "नाही आजी, किरणांचा."

आम्ही बाहेरच्या बाकावर भाकरी सोडली. कुणी खाल्ली नाही. शेवटी मिस्टर म्हणाले, "आणलीय तर खाऊ," आणि तिघांनी खाल्ली.

मॅडमनी आत बोलावलं आणि जे सांगितलं ते मी शक्य तितकं त्यांच्याच शब्दांत देते. "तुम्ही घाबरलात ते उगाच नाही. त्या आठवड्यांत मेंदू घडत असतो आणि मोठ्या डोसानं त्याला इजा होते, हे खरं आहे. पण त्यासाठी जेवढा लागतो त्याच्या कितीतरी खाली तुमचा आकडा आहे. एवढ्याशा डोसानं बाळाच्या बुद्धीवर परिणाम झालेला दाखवता आलेला नाही. शंभर टक्के खात्री मी देणार नाही, कारण फोटो न काढलेल्या आईलाही ती कुणी देत नाही. पण फोटो काढले एवढ्या कारणावरून मूल पाडा, असं मी म्हणणार नाही."

मग आत्यांनी आपला गुन्हा कबूल केला. पाली, बुद्रुक, खुर्द, सगळं. रडत सांगितलं.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "आजी, तुम्हाला जे ऐकू आलं त्याचं उत्तर तुम्ही बरोबर दिलंत. प्रश्न विचारणाऱ्यानं चूक केली. तो हिला विचारायचा होता, हिच्याकडं बघून, मोठ्यानं. आणि हाड मोडलं होतं, फोटो काढावेच लागले असते. फार तर एखादा कमी काढला असता."

आत्यांनी पदरानं डोळे पुसले आणि दवाखान्याच्या त्या खोलीत, तिथं काम करणाऱ्या दोन परक्या पुरुषांसमोर, मोठ्यानं म्हणाल्या, "पाळी! त्यात लाजायचं काय मेल्यांनू?" मला त्या बाईचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता. त्यांचा हात धरला आणि दोन दिवस गप्प राहिल्याबद्दल माफी मागितली. त्या म्हणाल्या, "गप ऱ्हा."

एसटीत

स्वारगेटहून वेल्ह्याची एसटी. मिस्टर खिडकीशी बसले होते. खेड शिवापूर गेल्यावर त्यांनी विचारलं, "आणि तरी उद्या काही निघालंच तर?"

मला सई आठवली. खिचडी खाताना ती माझ्या बांगड्या मोजल्यासारख्या एकेक सरकवायची.

"निघालं तर ते बहुतेक फोटोमुळं नसेल," मी म्हणाले. "आणि आपलंच असेल."

ते "बरं," म्हणाले. एवढंच बोलले, पण त्यांचं "बरं" म्हणजे दगडावरची रेघ असते.

टेप

भीती त्या दिवशी गेली असं लिहिलं तर खोटं होईल. ती फक्त लहान झाली, आमच्याबरोबर राहिली. सोनोग्राफीच्या दारात आत्या आडव्या झाल्या, पुन्हा मशीन नको म्हणून. यात किरण नसतात, आवाजाच्या लाटा असतात, हे पटवायला अर्धा तास गेला.

कमरेच्या हाडामुळं सिझर झालं. मुलगी झाली, अडीच किलोच्या वर. आर्वी. रडली तेव्हा मी पहिल्यांदा विचारलं, "डोकं?" नर्स म्हणाली, "आहे की, एकच आहे."

मग टेप सुरू झाली. डोक्याचा घेर महिन्यातून एकदा मोजायचा असतो. मी रोज मोजायचे. रोज मोजलं की रोज वेगळं भरतं. टेप ढिली, टेप घट्ट. कधी हसली, मान कधी धरली, आवाजाकडं कधी वळली, सगळं वहीत. चार महिन्यांची असताना मी टाळी वाजवली आणि तिनं बघितलं नाही. मी पुन्हा जोरात वाजवली. आत्या चुलीपासून ओरडल्या, "दूध पितीया ती! तुज्याकडं कशापायी बघंल?"

आरोग्य केंद्राच्या मॅडमनी वही चाळली आणि मिटली. "ही वही मुलीची नाही, तुमच्या भीतीची आहे," म्हणाल्या आणि टेप स्वतःच्या ड्रॉवरमध्ये टाकली. पहिले आठ दिवस हात शिवशिवायचे. नवव्या दिवशी आर्वीनं माझं नाक धरून ओढलं आणि मी नुसतं ओढू दिलं, लिहिलं नाही.

माझ्यासारखी वेळ आलेल्या बाईला मी इतकंच सांगते की पहिल्या माणसाच्या पहिल्या वाक्यावर निर्णय घेऊ नको. कागद माग. मोजणाऱ्याकडं जा आणि डोस किती ते विचार. प्रत्येकीचा आकडा वेगळा असतो, माझा तुला लागू नाही. आणि फोटोच्या खोलीत कुणी विचारो न विचारो, आपली तारीख आपण सांगायची. भोंगवलीच्या बाईला हेच सांगितलं. ती गेली होती मोजणाऱ्यांकडं. परवा फोन आला, दाढेच्या फोटोचं पोटापर्यंत जवळजवळ काहीच पोचत नाही म्हणे. दुखरी दाढ मात्र अजून दुखतेच आहे.

परवाची दुपार

आर्वी आता अडीच वर्षांची आहे. परवा अंगणवाडी सुटल्यावर घरात शिरले तर जमिनीवर नाचणीच्या पिठाचा डबा उपडा पडलेला आणि त्यात आर्वी, केसांपासून टाचांपर्यंत पीठच पीठ. घरात दुसरं कुणी नव्हतं. आत्या मागच्या दारी कपडे वाळत घालत होत्या.

"कुणी सांडलं?" मी आवाज चढवला.

तिनं पिठाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. कपाळाला आठी पडली. ती विचार करत होती. मला तिचं डोकं चालताना दिसत होतं. मग तिनं मागच्या दाराकडं बोट केलं.

"आजीनं."

मी मटकन पिठात बसले. अंगणवाडीत मी अकरा वर्षं पोरांना खोटं बोलू नये म्हणून शिकवते. पण आधी काय झालं ते आठवायचं, मग काय होईल ते ताडायचं, मग दुसरा कोण अडकेल ते शोधायचं, हे सगळं त्या एवढ्याशा डोक्यानं एका दमात केलं होतं. मला हुंदका आला. आर्वी घाबरली, मग माझ्या गालाला पीठ फासायला लागली.

आत्या बादली घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी माझा चेहरा बघितला, नातीचा बघितला आणि त्यांना कळलं.

"व्हय गं," त्या म्हणाल्या, "म्याच सांडलं." आणि पदर तोंडाला लावून हसत झाडू आणायला गेल्या.